ग्रीन्सबर्गची मोठी विहीर: जरूर बघा, पण शेतकऱ्याची विहीर म्हणून नव्हे

आधी मापं सांगते, म्हणजे पुढचं बोलणं सोपं जाईल. व्यास ३२ फूट, खोली १०९ फूट, आतून दगडी बांधकाम. १८८७ मध्ये काम सुरू झालं, १८८८ मध्ये संपलं. हत्यारं म्हणजे टिकाव, फावडी, कप्पी, दोर आणि माती वर ओढायला मधोमध कापलेली लाकडी पिंपं. अमेरिकेतल्या कॅन्सस राज्यात कायोवा काउंटी आहे. तिथल्या ग्रीन्सबर्ग गावात ही विहीर आहे आणि गावाचं नाव झालं ते हिच्यामुळंच. 'जगातली सगळ्यात मोठी हातानं खणलेली विहीर' अशी तिची जाहिरात. २००८ मध्ये कॅन्ससच्या आठ आश्चर्यांत तिची निवडही झाली.

आता माझं माहेर लिंबच्या शिवेला लागून. साताऱ्याजवळची लिंबची बारामोटेची विहीर ज्यांनी पाहिलीय ते इथं गालातल्या गालात हसतील. ती वीरूबाई भोसल्यांनी १७१९ ते १७२४ या काळात बांधून घेतली. व्यास ५० फूट, खोली ११०. म्हणजे ग्रीन्सबर्गकरांनी पहिली कुदळ मारायच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीची, खोलीला एक फूट जास्त आणि रुंदीला अठरा फूट. शिवाय आत उतरायला ऐसपैस पायऱ्या आणि मधे छोटा महाल. जावईबापू म्हणाले, "आई, काउंटरवर सांगू का हे?" मी म्हटलं, "राहू द्या, आपण पाहुणे." पण लिहायला काय हरकत? तेव्हा पाटी वाचून 'जगातलं सगळ्यात मोठं' बघायचं म्हणून जाऊ नका. ज्या मुलखात ही विहीर खणावी लागली तो मुलूख बघायला म्हणून जा, मग पैसे वसूल.

विचिटाहून हायवे ५४ धरला की दोन तासांच्या आत गाव येतं. आमची लेक विचिटात विमानाच्या कारखान्यात नोकरीला, म्हणून आमचा मुक्काम तिथं. आम्ही गेलो तेव्हा जून होता, गहू कापणीला आलेला. विचिटाच्या आसपास पाऊस बरा पडतो, झाडंझुडपं आहेत. वाटेतलं प्रॅट गाव मागं पडलं की झाडं विरळ होत जातात, आणि पुढं नजर टाकावी तिथं जमीन आणि आभाळ. डोंगर नाही, टेकडी नाही, ओढ्याकाठची चार झाडं सोडली तर सावली नाही. ग्रीन्सबर्गच्या पश्चिमेला डॉज सिटी आहे. तिथून शंभरावी रेखावृत्त रेषा जाते आणि त्या रेषेवर वर्षाचा पाऊस साधारण २० इंच. मिलिमीटरमध्ये ५०० म्हणा, म्हणजे माण-खटावात बऱ्या वर्षी पडतो तेवढा. हे एकदा डोक्यात बसलं की पुढची सगळी गोष्ट आपोआप उलगडते. एवढ्या पावसावर आमच्याकडं माणसं बाजरी करतात, मेंढरं राखतात आणि दिवाळीनंतर ऊसतोडीला जातात. इथं येणाऱ्यांना मात्र सांगितलं गेलं होतं की बागायती होईल.

म्युझियमची इमारत नवी आहे, २०१२ मध्ये उघडलेली. मधे विहीर आणि तिच्याभोवती सगळं म्युझियम, अशी रचना. गोल जिन्यानं विहिरीत उतरता येतं, आणि वर चढून गावही बघता येतं. मी वर नंतर गेले, आधी खाली.

खाली उतरताना माझं लक्ष पाण्यावर नव्हतं, बांधकामावर होतं. आमच्या सासरी विहीर खणली तेव्हा वरची माती आणि मुरूम संपला की काळा पाषाण लागला. तो सुरुंगाशिवाय हलत नाही, पण एकदा फोडला की त्याचा कडा जन्मभर उभा राहतो. बांधकाम करायचं ते वरच्या मातीपुरतं. ग्रीन्सबर्गला सगळा उलटा प्रकार. खाली पाषाण नाहीच. माती, वाळू, खडी यांचे थर, पश्चिमेकडच्या रॉकी डोंगरांतून नद्यांनी लाखो वर्षं वाहून आणून टाकलेले. खणायला हलकं, पण उभं राहायला बेभरवशी. ३२ फूट रुंदीचा खड्डा वाळूत १०९ फूट न्यायचा म्हणजे दर हातभर खोलीला कडा अंगावर येण्याची भीती. म्हणून त्यांनी दर दहा-बारा फुटांवर या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत जाड फळ्यांचे धिरे दिले होते आणि काम पुरं झाल्यावर ते कापून काढले. बांधकामाचा दगड जवळपास नव्हताच. बारा मैल दक्षिणेच्या मेडिसिन नदीकडून गाड्यांनी आणलेला. जिन्यावर उभं राहून त्या दगडांकडं बघितलं की कळतं, खणणाऱ्यांइतकंच श्रेय गाडीवानांना द्यायला पाहिजे.

खणायला एका वेळी बारा-पंधरा माणसं असत. आसपासचे शेतकरी, गुराखी, कामाच्या शोधात आलेले कुणीही. मजुरी दिवसाला ५० सेंट ते एक डॉलर. निघालेली माती नुसती ढिगानं टाकली नाही. ज्या गाड्यांनी ती हलवली त्यांचा तळ पट्ट्यापट्ट्यांचा होता. पट्ट्या सरकवल्या की माती खाली. ती गावातल्या खोलगट जागी ओतत गेले आणि रस्ते सपाट करून घेतले. ही गोष्ट मला फार आवडली. विहिरीच्या मलब्याचं काय करायचं हा आमच्याकडं विहिरीइतकाच मोठा प्रश्न असतो, आणि बहुतेक वेळा उत्तर 'बांधावर लोटा' एवढंच असतं.

तळाशी पाणी लागल्यावर त्यांनी आणखी एक काम केलं. भोकं पाडलेले पाइप बांधकामातून आडवे बाहेर, पाणी धरणाऱ्या खडीच्या थरात ठोकले. आपण ज्याला आडवं बोअर म्हणतो तेच. यजमानांना हे दाखवलं तर ते तिथंच थांबले, किती फूट आत गेले असतील, पाइप गंजले असतील का, गाळ कसा काढत असतील, असं बराच वेळ चाललं होतं. लेक घड्याळ बघायला लागली.

आता मुद्द्याचं. ही विहीर कुणासाठी खणली? १८८० च्या दशकात सांता फे आणि रॉक आयलंड या रेल्वे कंपन्या कॅन्ससच्या या भागात रूळ टाकत होत्या. वाफेच्या इंजिनाला कोळशाबरोबर भरपूर पाणीही लागतं, आणि या पट्ट्यात वाहतं, भरवशाचं पाणी नव्हतं. गावालाही नळयोजना हवी होती. सगळं मिळून ४५,००० डॉलर खर्च आला. त्या काळात एखाद्या शेतकऱ्यानं तो आकडा ऐकून टोपी काढून डोकं खाजवलं असतं. १९३२ पर्यंत गावानं हेच पाणी वापरलं, मग दुसरी विहीर घेतली, आणि काही वर्षांनी ही तिकीट लावून दाखवायला सुरुवात झाली. म्हणजे ही रेल्वेची आणि गावाची विहीर. प्रेअरीवरच्या, म्हणजे इथल्या गवताळ माळावरच्या शेतकरीणबाईनं हिच्यातून घागर भरली नाही. तिची विहीर वेगळी होती, ती तीन-चार फूट रुंद होती आणि तिच्यावर म्युझियम उभं राहिलेलं नाही. या भेटीचा खरा उपयोग असा की मोठी विहीर बघताना ती छोटी विहीर किती अवघड होती याचा अंदाज येतो.

१८६२ च्या होमस्टेड कायद्यानं सरकार १६० एकर जमीन देत होतं. फी सगळी मिळून १८ डॉलरच्या आसपास. अट अशी की पाच वर्षं तिथं राहायचं, घर बांधायचं, जमीन कसायची. कुटुंबप्रमुखाला मिळे, एकवीस पूर्ण झालेल्या कुणालाही मिळे, एकट्या बाईलाही मिळे. कागदावर बघाल तर स्वर्ग. आमच्याकडं सिलिंगच्या कायद्यात कोरडवाहू ५४ एकर म्हणजे डोक्यावरून पाणी, इथं फुकट १६०! पण २० इंच पावसात १६० एकरांवर कुटुंब जगत नाही हे जॉन वेस्ली पॉवेल या सरकारी भूसंशोधकानं १८७८ मध्येच लिहून दिलं होतं. कोरड्या भागात चराऊ शेताला २,५६० एकर द्या, आणि पाणी देता येईल अशी जमीन असेल तर ८० एकर पुरे, असं त्याचं म्हणणं. कोण ऐकतो? त्या वेळी एक भलताच समज जोरात होता: जमीन नांगरली की पाऊस मागोमाग येतो. रेल्वेला जमीन विकायची होती, गावांना वस्ती हवी होती, आणि योगायोगानं काही वर्षं पाऊसही बरा झाला. मग काय, लोटच्या लोट आले.

आल्यावर पहिला प्रश्न पाण्याचा. ओढ्याकाठची जमीन आधी आलेल्यांनी धरलेली. माळावर जागा मिळाली तर पाणी पिंपात भरून गाडीनं आणायचं, कधी कधी कोसांवरून. पावसाचं पाणी वळचणीला पिंप लावून साठवायचं, हिवाळ्यात बर्फ वितळवायचा. मग विहीर. जागा दाखवायला त्यांच्याकडंही पाणाडे होते. दुबेळक्याची फांदी दोन्ही हातांत धरून रानातून चालायचं, जिथं ती खाली ओढली जाईल तिथं खूण. आमच्याकडं उंबराची किंवा लिंबाची फांदी धरतात, तिकडं पीचची किंवा विलोची. पाणाड्याचं बिदागी घेऊन जाणं आणि पाणी न लागल्यास 'दोन हात अलीकडं खणलंत' म्हणणं, हे तिकडंही असणार याबद्दल मला शंका नाही.

खणायचं काम बहुतेक घरच्या घरी. नवरा आत, टिकावानं खणतोय. बायको किंवा थोरला मुलगा वर रहाटावर, बादलीनं माती ओढतोय. माळावर पाणी शंभर-दीडशे फुटांवर, कुठं त्याहून खाली. जवळपास दगड नाही, लाकूड विकत आणायचं, तरी फळ्यांची चौकट आत उतरवल्याशिवाय वाळू थांबत नाही. त्यात घरातल्या माणसांवर विहीर कोसळण्याच्या घटना होत. दुसरी भीती विषारी हवेची. जुन्या किंवा काही दिवस बंद असलेल्या खड्ड्यात जड वायू साचतो, म्हणून उतरण्याआधी दोरीला मेणबत्ती किंवा कंदील बांधून खाली सोडायचे. ज्योत विझली तर माणूस उतरवायचा नाही. ही रीत आमच्या वाडीतल्या विहिरी खणणाऱ्या वडाऱ्यांचीही होती. ग्रीन्सबर्गच्या ३२ फुटी तोंडात वारा तरी खेळतो; चार फुटांच्या नळीत शंभर फूट खाली बसलेल्या माणसाला वरचं आभाळ ताटाएवढं दिसत असेल.

आणि पाणी लागल्यावर? रोज शंभर फुटांवरून बादली ओढायची. घराला, गाईला, घोड्यांना, कोंबड्यांना. ज्यांनी कधी रहाट ओढलाय त्यांना मी जास्त काय सांगू. कपडे धुतलेलं पाणी फरशी पुसायला, ते उरलं की परसातल्या भाजीला. जळण नाही म्हणून बाया ओच्यात रानशेणी वेचत, आधी रानरेड्यांच्या (बायसनच्या) आणि ते मारून संपवल्यावर गुरांच्या. आमच्या अमेरिकेतल्या मुलांना हे सांगितलं की ती तोंडं वाकडी करतात. मला मात्र त्या बायांबद्दल एकदम आपुलकी वाटली.

म्युझियममध्ये एक हजार पौंडांची उल्का ठेवलीय. विहिरीशी तिचा संबंध नाही असं वाटतं, पण आहे. ही १९४९ मध्ये जवळच्या ब्रेनहॅम भागातून काढली. त्याच भागात १८८० च्या दशकात एलायझा किंबर्ली नावाची शेतकरीण राहायची. ज्या मुलखात दगड औषधालाही नाही तिथं नांगराला काळे, जड दगड अडकायला लागले. लोकांनी ते कशाला वापरले? पावसाच्या पाण्याच्या पिंपांची झाकणं वाऱ्यानं उडू नयेत म्हणून ठेवायला आणि गवताची गंजी दाबायला. एलायझाबाईला ते दगड साधे वाटले नाहीत. ती ते गोळा करत राहिली, आजूबाजूचे हसत राहिले. शेवटी १८९० मध्ये वॉशबर्न कॉलेजचे प्राध्यापक फ्रान्सिस क्रॅगिन येऊन बघून गेले आणि विकतही घेतले. आभाळातून पडलेल्या दगडानं पावसाच्या पिंपाचं झाकण दाबणाऱ्या बाईची गोष्ट मला सगळ्या म्युझियममध्ये भारी वाटली. उल्का कापून घासली की आत पिवळसर काचेसारखे खडे चमकतात, तेही बघून घ्या.

मग प्रेअरीला पाणी पाजलं कुणी? पवनचक्कीनं. आणि गंमत अशी की ज्या १८८८ मध्ये ग्रीन्सबर्गची विहीर पुरी झाली, त्याच वर्षी शिकागोत एरमोटर नावाची पोलादी पवनचक्की बाजारात आली. पहिल्या वर्षी अवघ्या ४५ विकल्या गेल्या; १८९२ पर्यंत आकडा २०,००० वर गेला. त्याच्या आधी लाकडी चक्क्या होत्याच. डॅनियल हॅलडेनं १८५४ मध्ये अशी चक्की काढली जी वाऱ्याकडं आपोआप तोंड फिरवायची आणि वादळात पाती आपसूक आवरून घ्यायची. पण लाकूड सुकतं, फाटतं. पोलादी पाती वाकवून दिल्यावर थोड्या वाऱ्यातही चक्की फिरायला लागली. त्याच सुमारास खोल, अरुंद बोअर घेणारी यंत्रंही आली. माणसानं आत उतरायची गरज संपली.

पाणी थोडंच यायचं, पण दिवसरात्र यायचं. ते वापरायची रीत बघा: चक्कीचं ताजं थंड पाणी आधी दूधघरातल्या हौदातून काढायचे, त्यात दुधाचे कॅन उभे. तिथून ते पुढं जनावरांच्या टाकीत, टाकी भरली की ओघळ भाजीच्या वाफ्याला. एकाच पाण्याची तीन कामं. ज्यांच्याकडं चक्कीला पैसे नव्हते त्यांनी घरीच केल्या. नेब्रास्का विद्यापीठाचे अर्विन बार्बर यांनी १८९० च्या दशकात गावोगाव फिरून अशा घरगुती चक्क्यांची नोंद केली. एका प्रकाराला जंबो म्हणत. मोठं लाकडी खोकं, त्यात आडव्या आसावर पाती. खालची अर्धी पाती खोक्यात झाकलेली, वरच्या अर्ध्याला वारा ढकलतो. जुनी लाकडं, मोडक्या यंत्राचे भाग, काही डॉलरमध्ये काम. दिसायला ओबडधोबड, पण बाईच्या हातातला दोर सुटला. मला विचाराल तर प्रेअरीचं खरं आश्चर्य हे.

तरी सगळ्यांना वेळेत चक्की मिळाली नाही. १८८० च्या दशकाच्या शेवटी पाऊस फिरला आणि १८९० चं दशक दुष्काळाचं गेलं. पश्चिम कॅन्ससमधून बिऱ्हाडं गाड्या भरून परत पूर्वेला निघाली. ज्या गावानं भरभराटीच्या तोऱ्यात ३२ फुटी विहीर घेतली, त्याच्या आजूबाजूची गावंच्या गावं ओस पडली. विहिरीकडं बघताना हे आठवलं पाहिजे. खणणाऱ्यांना वाटत होतं की आपण मोठ्या शहराची सोय करतोय.

आणखी एक. काउंटीचं नाव कायोवा. कायोवा ही इथं आधी राहणारी जमात. १८६७ मध्ये इथून आग्नेयेला असलेल्या मेडिसिन लॉज इथं कायोवा, कोमँची, शायन, अरापाहो वगैरे जमातींशी करार झाले आणि त्यांना दक्षिणेकडच्या राखीव जमिनीत ढकललं गेलं. त्यानंतर वीसच वर्षांत इथं विहीर. रानरेडे कुठं पाणी पितात, कोणत्या ओढ्याला उन्हाळ्यात पाणी राहतं, हे ज्यांना पिढ्यान् पिढ्या ठाऊक होतं ते गेले आणि शंभर फूट खणणारे आले. मुलांना घेऊन जाणार असाल तर गाडीतच हा भाग सांगून ठेवा.

वादळाचं दालन थोडक्यात उरकते, कारण त्यावर लिहिणारे खूप आहेत. ४ मे २००७ च्या रात्री पावणेदोन मैल रुंद चक्रीवादळ गावावरून गेलं, ईएफ-५ म्हणजे सगळ्यात वरच्या दर्जाचं, आणि ९५ टक्के गाव जमीनदोस्त झालं. विहिरीच्या वरचं सगळं उडालं, विहीर होती तशीच. नंतर गावानं ठरवून हरित पद्धतीनं बांधकाम केलं. सरकारी इमारती 'लीड प्लॅटिनम', म्हणजे हरित इमारतींच्या सगळ्यात वरच्या दर्जाच्या. गावाबाहेर १२.५ मेगावॅटचा पवनऊर्जा प्रकल्प झाला, दहा टर्बाइन, आणि त्या आपल्या पुण्याच्या सुझलॉनच्या! चाळकेवाडीच्या पठारावर लहानपणी नसलेल्या आणि आता सगळीकडं दिसणाऱ्या पवनचक्क्यांची ही चुलत भावंडं. यजमानांनी हे वाचलं आणि पुढच्या दालनात त्यांची चाल बदलली.

वर चढून पाहिलं की गाव छोटंच दिसतं. लोकसंख्या वादळाआधी चौदाशेच्या आसपास, आता त्याच्या निम्मी. पण येता-जाता हायवेवरून जे गोल हिरवे शेताचे चकतीसारखे तुकडे दिसतात त्यांचा अर्थ इथं लागतो. होमस्टेडचे १६० एकराचे चौकोन अजून तसेच आहेत. त्यात मधोमध बोअर आणि त्याच्याभोवती फिरणारी फवाऱ्याची लांब नळी. फ्रँक झायबाक या शेतकऱ्याला १९५२ मध्ये तिचं पेटंट मिळालं. चौकोनातले जवळपास १३० एकर भिजतात, चार कोपरे कोरडे राहतात. पाणी ओगलाला नावाच्या जमिनीखालच्या साठ्यातलं, आणि पश्चिम कॅन्ससमध्ये ते भरण्यापेक्षा उपसलं कितीतरी जास्त जातंय. पातळी खाली चाललीय. बादलीनं, चक्कीनं जे कधी संपलं नसतं ते मोटरनं एका पिढीत खाली नेलं. आमच्या भागात बोअर सातशे फुटांवर गेलेत, त्यामुळं मला इथं उपदेश करायला तोंड नाही.

आता कामाचं. तिकीट लागतं, पण जड नाही. आरामात बघायला दीड तास ठेवा. बांधकामात रस असलेलं कुणी बरोबर असेल तर दोन. उतरण्यापेक्षा चढताना दम लागतो, गुडघेदुखीवाल्यांनी खाली किती जायचं ते आधीच ठरवावं. वरून वाकून बघितलं तरी विहीर नीट दिसते. आत गारवा असतो, उन्हाळ्यातही शाल चालेल. काउंटरवरच्या बाई बोलक्या होत्या, गावाचं सगळं सांगतात, विचारलं तर वादळाचंही सांगतात. आपण मात्र जपून विचारावं. लहान मुलांना उल्का आवडते, विहीर पाच मिनिटं. शाकाहारी असाल तर डबा बरोबर घ्या. वाटेत आम्ही एका हॉटेलात 'बिनमटणाचं काहीतरी' मागितलं तर बटाट्याच्या तुकड्यांवर चीज आणि चीजवर खारवलेल्या मांसाचा चुरा आला. लेकीनं सकाळी केलेल्या दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी यांनीच वाचवलं.

मे महिना वादळांचा म्हणून टाळा, जुलै-ऑगस्टचं ऊन माणचं आहे. जूनचा मध्य किंवा सप्टेंबर उत्तम. डॉज सिटी इथून पुढं तासाभराच्या आत आहे, शंभराव्या रेखावृत्ताची खूण तिथं बघता येते.

तारे द्यायचे तर विहिरीच्या कामाला पाच, 'जगातली सगळ्यात मोठी' या दाव्याला दोन, एकूण चार. आणि परतताना सरळ हायवेनं येऊ नका. एखाद्या मातीच्या रस्त्याला वळा, कुरणात चालू पवनचक्की अजून सापडते. खाली टाकी, टाकीभोवती गाई. फोटो रस्त्यावरूनच काढा. तारेच्या आत पाय टाकू नका, वळू मोकळा असतो आणि मालकाला परक्यानं आत आलेलं अजिबात खपत नाही.